राखणीला आपलं, चावल्यावर गावाचं



भाव, कर्ज, वीज, पाणी हे विषय सोडून आम्ही कुत्र्यावर बोलायला उभे राहिलो, याचं काहींना हसू येईल. हसून घ्या. हसून झाल्यावर एक हिशेब मांडून बघा. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या जिराईत पट्ट्यात शाळू हुरड्यात आल्यापासून कडब्याची गंजी लागेपर्यंत रात्रीची राखण कोण करतं? वेचलेली कपाशी पडवीत पडलेली असते, शेळ्या कुडाला बांधलेल्या असतात, घरधनी दिवसभराच्या कामानं मेल्यासारखा झोपलेला असतो. तेव्हा जागं कोण असतं? कुत्रं. त्याची मजुरी किती? सकाळी चतकोर भाकरी, संध्याकाळी उरलंसुरलं कालवण. बी-बियाणं, खत, औषध, मजुरी यांचा हिशेब आपण आता लिहायला शिकलो. घरच्या बाईचं राबणं हिशेबात धरा, हेही आपण याच मेळाव्यांतून बोलायला लागलो. पण राखणीचा रकाना अजून कुणी वहीत आखलेला नाही.

ज्याचा खर्च वहीत नाही, त्याची जबाबदारीही कुणाच्या अंगावर नाही. आज बोलायचं आहे ते यावर.

पशुगणनेचा माणूस वस्तीवर येतो. म्हशी किती, शेळ्या किती, कोंबड्या किती, सगळं विचारतो. घरधनी बिनचूक सांगतो. कुत्री किती, असं विचारलं की म्हणतो, "आमचं नाही बा, असंच येऊन बसतंय." तेच कुत्रं त्या माणसावर दारातून भुंकत असतं. रात्री गंजीजवळ कुणी आलं तर तेच उठवणार असतं. त्याला नाव आहे, त्याला हाक मारली की ते येतं, घरातली पोरं त्याच्या पाठीवर बसतात. आणि उद्या त्यानं शेजारच्या वस्तीवरचं पोर फोडलं, की घरधनी पहिलं वाक्य बोलतो, "ते काय आमचं न्हवं, गावातलं हाय."

राखणीला आपलं आणि चावल्यावर गावाचं! हा व्यवहार सोयीचा आहे, पण त्याची किंमत कुणीतरी मोजतंच. बहुतेक वेळा ती लहान पोर मोजतं.

कुत्र्याचा मान ठेवण्यात हा मुलूख कधी मागं नव्हता. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. छत्रपती शाहू महाराजांचा हा कुत्रा. शिकारीत वाघाच्या तोंडून त्यानं महाराजांना वाचवलं आणि महाराजांनी त्याच्या नावे जहागीर करून दिली, असं सांगतात. जहागिरीची गोष्ट ऐकून लोक हसतात, पण तिच्यातलं शहाणपण बघा. ज्यानं आपली राखण केली, त्याच्या पोटापाण्याची तजवीज धन्यानं आपल्या नावावर घेतली. कोरडवाहू शेतकऱ्यानं कुत्र्याला जहागीर द्यावी, असं आम्ही म्हणत नाही. वर्षाला एक लस द्या, गळ्यात पट्टा बांधा आणि कुणी विचारलं तर "हे कुत्रं माझं" असं चारचौघांत म्हणा. एवढीच जहागीर पुरे आहे.

"माझं" म्हटल्यानं काय होतं? पुष्कळ होतं. जीव वाचतो.

कुत्रं चावलं की दोन गोष्टी समजायला हव्यात. त्याला लस दिलेली होती का, आणि पुढचे दहा दिवस ते कसं राहतं. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत रोग आला, की ते कुत्रं दहा दिवसांच्या आत मरतं. चावल्यानंतर दहा दिवस ते धडधाकट राहिलं, तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही, असं डॉक्टर सांगू शकतात. म्हणून धन्यानं पुढं यायचं, कुत्रं बांधून घालायचं, खाऊपिऊ घालायचं आणि नजर ठेवायची. लस दिली नसेल तर दिली नाही असं खरं सांगायचं. लाजेपोटी खोटं बोललात, तर ते खोटं दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर जाईल.

गावात होतं उलटं. धनी हात झटकतो, चार पोरं काठ्या घेऊन निघतात, कुत्रं मारून ओढ्यात टाकतात. नाहीतर ते पळून पुढच्या गावाला जातं. आता नजर कुणावर ठेवणार? त्या लेकराच्या आईबापानं पुढचे सहा महिने जीव मुठीत धरून काढायचे. एका माणसानं "माझं" म्हणायचं टाळलं, म्हणून.

पण दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायची, म्हणजे दहा दिवस लस थांबवायची असा अर्थ कुणी काढू नका. लस त्याच दिवशी सुरू करायची. कुत्रं दहा दिवस चांगलं राहिलं, तर पुढचे डोस द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील.

चावल्यावर काय करायचं, ते घरातल्या बाईला आणि शाळेत जाणाऱ्या पोरालाही पाठ पाहिजे. पहिलं काम, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घरातला अंगाचा किंवा कपड्याचा कुठलाही साबण चालतो. तिखट, चुना, तंबाखू, हळद यातलं काहीही जखमेवर भरायचं नाही. त्यानं रोग मरत नाही, जखम तेवढी चिघळते. वर घट्ट पट्टी बांधायची नाही. दुसरं काम, त्याच दिवशी दवाखाना. पूर्वी पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं असत, त्या भीतीनं माणसं मांत्रिकाकडं वळत. ती जुनी लस २००५ च्या सुमारास देशातून गेली. आता सरकारी दवाखान्यात बहुधा दंडाच्या कातडीत लस देतात, पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, पहिला दिवस शून्य धरून. दंडाच्या स्नायूत दिली तर चौदाव्या दिवसाचा एक डोस वाढतो. कातडी फाटून रक्त आलं असेल, तर लशीबरोबर जखमेत सीरमही भरावं लागतं. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेलच असं नाही, मग तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावं लागतं. जावं लागलं तर जा. शाळूची काढणी दोन दिवस थांबेल, हा रोग थांबत नाही. एकदा पाण्याची भीती वाटायला लागली, की कुठल्याही डॉक्टरच्या हातात काही उरत नाही.

जगात माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी शंभरात नव्याण्णव वेळा कारण कुत्रं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगातले या रोगाचे तिसरा हिस्सा मृत्यू एकट्या भारतात होतात. आणि लस काही कालची नाही. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चरनं ती पहिल्यांदा माणसाला दिली. त्यानं वाचवलेला दुसरा रुग्ण मेंढरं राखणारा पंधरा वर्षांचा पोरगा होता, जुपील नावाचा. बरोबरच्या लहान पोरांना वाचवायला तो पिसाळलेल्या कुत्र्याशी झुंजला होता. त्या गोष्टीला एकशेचाळीस वर्षं झाली. तरी आपल्या मेंढपाळाच्या पोराला लस वेळेवर मिळेल की नाही, याची खात्री नाही.

कुत्रं पिसाळलेलं ओळखायचं कसं? लाळ गाळत, दिसेल त्याला चावत सुटणारं कुत्रं सगळे ओळखतात. पण काही कुत्री मुकी होतात. कोपऱ्यात, अंधारात जाऊन बसतात, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही. माणसाला वाटतं हाड अडकलं, म्हणून तो तोंडात हात घालतो. गाईम्हशीचंही तसंच. पिसाळलेलं कुत्रं जनावराला चावून गेलेलं कुणाला दिसत नाही. महिना-दोन महिन्यांनी म्हैस घोगऱ्या आवाजात ओरडत राहते, लाळ गाळते, चारा गिळत नाही. घशात काही अडकलं म्हणून धनी कोपरापर्यंत हात घालतो. असा हात घालू नका. आधी पशुवैद्याला बोलवा. हात घातलाच असेल तर धुवा आणि लस घ्या. अशा जनावराचं दूध कुणाला देऊ नका.

हे झालं रेबीजचं. आता मेंढरांवाल्या भावांशी थोडं बोलू. माडग्याळ जातीच्या मेंढराला किती पैसे मोजावे लागतात, ते आटपाडीच्या बाजारात जाणाऱ्याला सांगायला नको. असं मेंढरू एक दिवस कळपातून बाजूला पडतं, मान एका अंगाला धरतं, गोल गोल फिरतं आणि मरतं. लोक म्हणतात, बाहेरची बाधा. बाधा घरच्या कुत्र्याच्या पोटातली असू शकते. मेलेल्या मेंढराचं डोकं फोडून कुत्र्याला टाकलं, की मेंदूतल्या गाठीतून पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, ते गवत दुसरं मेंढरू खातं, आणि अंड्यातून निघालेली अळी त्याच्या मेंदूपर्यंत जाते. जत्रेत बोकड पडलं, की काळजातली, फुप्फुसातली पाण्याची गाठ कापून कुत्र्यापुढं टाकतात. तिच्यातून दुसऱ्या जातीचा कृमी वाढतो. त्याची अंडी हातावाटे, भाजीवाटे माणसाच्या पोटात गेली, तर माणसाच्या काळजात तशीच गाठ होते आणि ऑपरेशन करायची पाळी येते. कुत्रं मात्र वरून ठणठणीत दिसतं.

उपाय सोपा आहे. कच्चं डोकं आणि गाठी कुत्र्याला टाकायच्या नाहीत, जाळायच्या किंवा खोल पुरायच्या. मेंढरांबरोबर फिरणाऱ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध पशुवैद्याला विचारून द्यायचं, आणि ते पट्टकृमीवर चालणारं आहे ना, हे विचारून घ्यायचं. कुत्र्याला हात लावल्यावर पोरांनी हात धुवूनच भाकरीला बसायचं. एका गोळीत कुत्रं, मेंढरू आणि पोरगं तिघांची राखण होते.

आता पिलांचं. गावात कुत्रा सगळ्यांना पाहिजे, कुत्री कुणाला नको. पाच पिलं झाली की नर उचलले जातात आणि माद्या पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या शिवेवर किंवा हमरस्त्याला सोडल्या जातात. यातून कुत्री कमी होत नाहीत. सोडलेली मादी जगली तर वर्षा-दोन वर्षांत तिचीच दहा होतात, आणि ती दहा कुणाचीच नसतात. दुसऱ्या गावचा माणूसही आपल्या शिवेवर तेच करत असतो. म्हणजे आपलं ओझं आपण एकमेकांच्या बांधावर टाकत बसलो आहोत. पिलं नको असतील तर नसबंदी करून घ्या, नराची आणि मादीचीही. नसबंदी केलेलं कुत्रं राखण सोडतं, हा समज खोटा आहे. उलट माजाच्या दिवसांत ते शिवारभर भटकत नाही, दारात थांबतं.

दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बैलं, भांडी, पोरं ट्रॅक्टरवर चढतात. कुत्रं गाडीमागं ओढ्यापर्यंत पळतं आणि मागं राहतं. चार-पाच महिने त्याला भाकरी घालणारं कुणी नसतं. मग ते मेलेल्या जनावरावर जगतं, तेही मिळेनासं झालं की कुणाच्या तरी शेळीवर. ज्याला पोट घेऊन गाव सोडावं लागतं त्याला आम्ही दोष देत नाही. पण जाण्याआधी भावकीत कुणाला तरी सांगून जा, कुत्र्यासाठी दोन पायली ज्वारी ठेवून जा. जो गावात राहिला, त्यानंही तेवढा शब्द पाळावा.

मेलेल्या जनावरावरून आणखी एक गोष्ट निघते. आमच्या लहानपणी गावाबाहेर बैल टाकला, की गिधाडं उतरत आणि हाडं तेवढी ठेवत. ती गिधाडं गेली. जनावरांना सुजेवर, दुखण्यावर देत असलेल्या डायक्लोफिनॅक औषधानं गेली. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होत. देशभर त्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली, तेव्हा २००६ साली सरकारनं जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. तोवर गिधाडांच्या ताटावर कुत्र्यांची टोळकी येऊन बसली होती. आज टाकलेला बैल म्हणजे टोळक्याला दिलेलं आमंत्रण आहे. कोंबड्यांच्या शेडमधली मेलेली पिल्लं आणि कोंबडीच्या दुकानातला कचरा रस्त्याकडेला ओतणं हेही तेच. मेलेलं जनावर खोल पुरा. ग्रामपंचायतीकडं त्यासाठी जागा मागा. टोळकी हटवायची तर आधी त्यांचं ताट उचला.

काही जण म्हणतील, एवढा उद्योग कशाला, थायमेट घातलेलं मटण टाकलं की काम झालं. थायमेट म्हणजे फोरेट, त्याच्या वापरावर २०२० च्या अखेरीस बंदी आली. गावात शिल्लक असेल तर त्याला हात लावू नका. ते मटण कुत्र्याबरोबर शेजाऱ्याचं राखणीचं कुत्रंही खातं, मांजर खातं, आणि उरलेलं पोराच्या हाताला लागतं. शिवाय तो गुन्हा आहे. एवढं करून चार महिन्यांत शेजारच्या गावची कुत्री मोकळ्या जागेत येतात, ती तर कुणाच्या ओळखीचीही नसतात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९६० च्या प्राण्यांच्या छळाच्या कायद्याप्रमाणे कुत्रं कायम साखळीला बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं, सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड अजून दहा ते पन्नास रुपयेच आहे. पण दंड लहान म्हणून साखळीची सवय शहाणपणाची ठरत नाही. दिवसरात्र बांधलेलं कुत्रं चिडखोर होतं आणि सुटलं की पहिल्या माणसाला फोडतं. दिवसा बांधा, रात्री कुंपणात मोकळं ठेवा. शिराळा, कराड, पाटणकडं बिबट्या येतो, तिथं अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याचं वाढलेलं ताटच. त्याला रात्री आत घ्या, नाहीतर धनगर बांधतात तसा काटेरी पट्टा बांधा. सशामागं, हरणामागं कुत्री सोडण्याची हौस असेल तर ती सोडा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती शिकार आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून घ्यायची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ताब्यातलं हा शब्द नीट ऐका. तिथं खरेदीची पावती कुणी विचारत नाही. आणि २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत पाळलेल्या कुत्र्याची लस, जंताचं औषध आणि नसबंदी धन्यावर टाकली आहे. भटक्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे, आणि ग्रामपंचायत त्यातच येते.

म्हणजे वाटणी स्पष्ट आहे. आपली बाजू आपण उचलली, तर सरकारला त्याची बाजू विचारायला आपलं तोंड मोकळं होतं. आणि सरकारची बाजू रिकामी आहे. आरोग्य केंद्रात गेलं की लस संपली, तालुक्याला गेलं की सीरम नाही. जनावरांच्या दवाखान्याला इमारत आहे, पण डॉक्टरची जागा रिकामी. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून शिकून निघालेल्या पोरांना माण-जतच्या दवाखान्यात नेमायला सरकारला काय अडचण आहे? शहरात कुत्र्यावर वाद झाला, की २०२५ साली थेट सुप्रीम कोर्टात सुनावण्या होतात. वस्तीवरचं पोर चावून मेलं, तर तलाठ्याच्या दप्तरातही चार ओळी येत नाहीत. इंडियातल्या कुत्र्याला वकील मिळतो, भारतातल्या पोराला लस मिळत नाही.

होऊ शकत नाही असं नाही. शेजारच्या गोव्यात सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेनं गावोगाव, घरोघर फिरून वर्षानुवर्षं कुत्र्यांना लस दिली. दर शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली की हा रोग पसरायचा थांबतो, हा जगभरचा अनुभव आहे. २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याच साली देशानं २०३० पर्यंत कुत्र्यांमुळं होणारा रेबीज संपवण्याचा आराखडा जाहीर केला. आराखडा दिल्लीत आहे, कुत्री आपल्या वस्तीवर आहेत. मधलं अंतर आपणच विचारत राहायला हवं.

म्हणून या मेळाव्यापुढं आम्ही दोन गोष्टी ठेवतो. एक, प्रत्येक गावातल्या शाखेनं ग्रामसभेत मागणी करावी. जनावरांच्या लसीकरणाच्या दिवशीच कुत्र्यांना रेबीजची लस मोफत मिळावी, आरोग्य केंद्रात लस आणि ग्रामीण रुग्णालयात सीरम बारा महिने असावं, आणि किती शिल्लक आहे ते बाहेर फळ्यावर लिहिलेलं असावं. दोन, त्याच ग्रामसभेत गावातल्या कुत्र्यांची यादी करावी, आणि प्रत्येक घरानं आपल्या कुत्र्यापुढं आपलं नाव लिहावं. लस बाहेरून विकत घ्यावी लागली, तरी तो खर्च साधारण एका माणसाच्या एका दिवसाच्या मजुरीत बसतो. वर्षभराच्या राखणीला एक दिवसाची मजुरी! याहून स्वस्त राखणदार कुठं मिळत असेल तर आम्हालाही सांगा.

यादी झाली की ज्या कुत्र्यांपुढं नाव नाही, तीच खरी भटकी. ती मोजा आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवा. आज सगळीच कुत्री भटकी म्हणून नोंदली जातात, त्यामुळं कुणालाच काही करावं लागत नाही. संघटनेच्या माणसानं आपलं नाव पहिलं लिहावं, आणि लिहिताना आवाज चोरू नये.